चार नगरपालिका, एक महानगर

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे एकत्र करून 2009 साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. अशा विलीनीकरणाचा पाया म्हणजे संविधानाचे कलम 243-क्यू. लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक महसूल, बिगरशेती रोजगार आणि आर्थिक महत्त्व पाहून राज्यपाल मोठे नागरी क्षेत्र ठरवतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार अंतिम अधिसूचनेपूर्वी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, हरकती ऐकाव्या लागतात. पण सार्वमताची तरतूद नाही. त्यामुळे ही सुनावणी मनापासून घेतली गेली, तरच विलीनीकरण टिकते. वसईतील 29 गावे महानगरपालिकेतून वगळण्याचा वाद उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळला, ते सुनावणीतील त्रुटीचेच लक्षण.

कोणी म्हणेल, पाणी, सांडपाणी आणि रस्ते हद्द मानत नाहीत. प्रत्येक गाव अडून बसले तर शहर उभे कसे राहणार? मुद्दा रास्त आहे, एकत्रित नियोजन हवेच. मात्र गावाला नकाराधिकार देणे वेगळे आणि त्याच्या हरकतीला सकारण लेखी उत्तर देणे वेगळे. शिवाय 3 लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरात कलम 243-एस प्रभाग समित्या बंधनकारक करते. त्यांना निधी आणि अधिकार दिले, तर महानगर मोठे होऊनही कारभार नागरिकांच्या दारापाशी राहील.