रेताड जमिनीतलं शुगरबीट आणि खताचा खरा हिशेब



 या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज मी एकच आग्रह धरणार आहे. शुगरबीटच्या खत प्रयोगांत हेक्टरी किती टन कंद निघाले, एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. हेक्टरी किती साखर हाती आली, ते सांगा.

रेताड जमिनीत खताची चूक झाकली जात नाही. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला, नुबारिया भागात, वाळवंट लागवडीखाली आणून बीट घेतात. त्या देशात आता उसापेक्षा बिटाची साखर जास्त होते. पण तिथल्या बऱ्याच जमिनी वाळूसर, चुनखडीच्या आणि सेंद्रिय कर्ब नाममात्र असलेल्या. युरिया नुसता वर फोकला, तर काही नत्र अमोनिया होऊन उडून जातं. उरलेलं नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुळांच्या आवाक्याखाली उतरतं. स्फुरद चुन्यात अडकून बसतं. म्हणून नत्र थोडं थोडं, हप्त्यांनी, शक्य तिथे ठिबकमधून द्यावं लागतं. आणि जोडीला कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट हवंच, कारण ओल आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायला त्या वाळूत दुसरं काही नसतं.

हप्ते कधी थांबवायचे, हेही तितकंच महत्त्वाचं. काढणीच्या तोंडावर नत्र मिळालं, की पीक पुन्हा पाल्यावर जातं. शेत हिरवंगार दिसतं, पण कंदात साठायची साखर नव्या पानांवर खर्च होते. शिवाय कंदातलं अमिनो नत्र, पालाश आणि सोडियम साखरेचे स्फटिक होण्यात आडवे येतात आणि तेवढी साखर मोलॅसिसमध्ये निघून जाते. वजन भरतं, उतारा पडतो.

बोरॉनचं तर विसरून चालणारच नाही. हलक्या जमिनीतून ते सहज धुऊन जातं, आणि जुन्या पानांतून नव्या पानांकडे ते फारसं सरकत नाही. ते कमी पडलं, की आधी गाभ्यातली कोवळी पानं काळी पडून मरतात, मग माथ्यापासून कंद सडू लागतो. हा रोग नसून बोरॉनची कमतरता आहे, हे संशोधक ब्रांडेनबुर्ग यांनी १९३१ मध्ये दाखवून दिलं. मात्र पुरेसं आणि घातक यांतलं अंतर फार थोडं असल्यामुळे माती परीक्षणाशिवाय बोरॉन देऊ नये.

बिटाचा पूर्वज समुद्रकाठचा. म्हणून इंग्लंडच्या हलक्या जमिनींत बिटाला मीठ देतात आणि पालाशाची काही गरज सोडियम भागवतं. तीच शिफारस आपल्या भारी काळ्या जमिनीला लावली, तर जमीन चोपण होईल. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने उष्ण हवामानातल्या बिटाचे प्रयोग केले आहेत. ते काम पुढे नेताना जमिनीचा प्रकार पाहूनच मात्रा ठरवल्या पाहिजेत.

तेव्हा सहकाऱ्यांनो, यापुढे प्रत्येक प्रयोगाच्या तक्त्यात कंदांचं वजन, साखरेचं प्रमाण आणि प्रत्यक्ष निघणारी साखर हे तिन्ही रकाने असू द्या. नत्राच्या शेवटच्या हप्त्याची तारीखही त्यांच्याशेजारी लिहा. आणि कारखान्यांनी बिटाचा भाव त्यातल्या साखरेवर द्यावा, हा ठराव याच परिषदेत करू या. साखरेचे पैसे मिळू लागले, की जादा युरियाचं पोतं शेतकरी स्वतःहून बाजूला ठेवेल.