सुकाणू आणि चूल



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. प्रवासाविषयी चार शब्द बोला, असा तुमचा आग्रह झाला म्हणून उभी राहिले.

आपण गंगाखेडच्या बायका. आपले मोठे पाणी म्हणजे गोदावरी. यंदा हे निवृत्त झाले आणि आम्ही मुंबईला गेलो. तिथे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या बोटीत बसलो. २०२० साली सुरू झालेली ही बोट मोटारीसुद्धा पोटात घेते! तासाभराचा प्रवास. पोटात ढवळेल म्हणून मी आले नेले होते. ते यांनाच लागले.

वाटेत शिडाची एक होडी दिसली. हे म्हणाले, "आपली अशी होडी असती, तर दोघे किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत गोव्यापर्यंत गेलो असतो. मी सुकाणू धरीन, तू स्वयंपाक कर."

मी म्हटले, "म्हणजे निवृत्त तुम्ही एकटेच?"

वर्तमानपत्रात वाचलेले मला आठवले. नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी 'तारिणी' या शिडाच्या होडीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी परत आल्या. होडीत तिसरे माणूस नाही. सुकाणूही दोघींचे आणि चूलही दोघींची. तेही यांना सांगितले.

हे गप्पच झाले. मांडव्याला उतरल्यावर मात्र चहा स्वतः आणून दिला. घरी आल्यापासून सकाळचा चहा हेच करतात. साखर जास्त पडते; मी बोलत नाही.