अण्वस्त्रमुक्त जग : विश्वास आणि पडताळा



बॉम्ब करणारे दूर, करार करणारे त्याहून दूर. मग शहापूर-मुरबाडच्या लोकांनी अण्वस्त्रांचा विचार कशाला करावा, असे कोणी विचारील. आपल्यापुढे भाताचा भाव आणि उन्हाळ्यातले पाणी हेच प्रश्न मोठे आहेत. आक्षेप रास्त आहे. म्हणून पाण्यापासूनच आरंभ करू.

भातसा आणि तानसा हे जलाशय शहापूर तालुक्यातले. त्यांचे पाणी मुंबई पिते, आणि आपली मुले कसाऱ्याच्या लोकलने त्याच मुंबईत कामाला जातात. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या एका बॉम्बने त्या वर्षाअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसांचा बळी घेतला. तसे संकट पावसाळ्यात मुंबईवर आले तर? वारा नैऋत्येकडून वाहतो आणि आपण मुंबईच्या ईशान्येला आहोत. किरणोत्सारी धूळ पावसाबरोबर आपल्याच शेतांवर आणि जलाशयांवर उतरण्याचा धोका आहे. तेव्हा सरहद्द दूर आहे, हे समाधान येथे उपयोगाचे नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ‘आम्ही शस्त्रे मोडली आणि शेजाऱ्याने लपवून ठेवली तर?’ ही शंका प्रत्येक राष्ट्र बोलून दाखवते. विश्वास नाही, म्हणून निःशस्त्रीकरण नाही, असा हा युक्तिवाद. पण मुरबाडकरांनो, म्हशाच्या यात्रेत बैल घेणारा शेतकरी विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबतो काय? तो बैलाचा जबडा उघडतो, दात पाहतो, चार पावले चालवतो आणि मगच पैसे मोजतो. अविश्वास असूनही व्यवहार होतो, कारण पारखून घेण्याची सोय असते. शस्त्रांचेही तसेच आहे. तेथे विश्वास आधी लागत नाही, पडताळा आधी लागतो; विश्वास मागाहून येतो.

हा पडताळा अशक्य नाही. दक्षिण आफ्रिकेने ६ अणुबॉम्ब तयार केले होते. ते तिने स्वतःच मोडले, १९९३ साली जगाला तसे सांगितले आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासनीसांना आपले कारखाने व कागदपत्रे दाखवली. एवढ्या दूरही जायला नको. २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या त्याच संस्थेच्या तपासणीखाली आहेत. परके तपासनीस येऊन इंधनाचा हिशेब पाहतात, म्हणून देशाचे सार्वभौमत्व बुडालेले नाही. १९८६ च्या सुमारास जगात ६०,००० हून अधिक अण्वस्त्रे होती. आज ती सुमारे १२,००० आहेत. म्हणजे बहुतेक मोडली गेली. पण उरलेली आपल्याला संपवायला पुरेशी आहेत.

दुसरा आक्षेप असा की, सामान्य माणसाच्या हातात काय आहे? १९५८ पासून अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातील आयांनी आपल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात शास्त्रज्ञांकडे पाठवले. लाखो दात जमले. उघड्यावर होणाऱ्या अणुचाचण्यांतून स्ट्रॉन्शियम-९० हे द्रव्य गवतात, गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत-दातांत उतरत असल्याचे त्यांतून दिसून आले. १९६३ साली हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. तो केवळ त्या दातांनी घडवला असे मी म्हणत नाही. पण राज्यकर्त्यांना तो पुरावा दृष्टिआड करता आला नाही.

आपल्या देशाचे काय? २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी अणुचाचण्या थांबवण्याची मागणी लोकसभेत मांडली. १९६३ च्या करारावर भारताने लगोलग सही केली. १९८८ साली राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे सर्व अण्वस्त्रे संपवण्याची योजना ठेवली. पण १९७४ आणि १९९८ साली पोखरणला स्फोट झाले तेही आपलेच, आणि २०२१ साली अंमलात आलेल्या अण्वस्त्रबंदीच्या करारात आपण नाही. पाकिस्तान नाही, चीन नाही. अण्वस्त्रधारी एकही देश नाही. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

हे बोलणे म्हणजे भित्रेपणा, असे कोणी म्हणेल. ॲडमिरल रामदास १९९० ते १९९३ या काळात भारताचे नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर ते अलिबाग तालुक्यात राहिले आणि अण्वस्त्रांविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिले. त्यांना भित्रे कोण म्हणेल?

मग आपण मागायचे काय? भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देत आले आहेत; त्यांवर हल्ला करायचा नाही असा १९८८ चा करार आहे. कारगिलची लढाई झाली तरी ही प्रथा मोडली नाही. ज्यांचे बोलणे बंद होते, त्यांच्यातही यादीची देवघेव चालू राहते. तर मग यादीनंतर पाहणी, पाहणीनंतर कपात, हा क्रम दोघांनाही अशक्य का व्हावा? मते मागायला जो आपल्या दारी येईल त्याला रस्ता आणि पाणी विचारा, जरूर विचारा. त्याबरोबर हाही एक प्रश्न विचारा. भातसेचे पाणी स्वच्छ राहावे, ही मागणी शेवटी त्यातच आहे.