अंगणातला धोंडा आणि निळी पाटी

मागच्या खेपेला पापडाच्या हिशोबावर बोलले, आज धोंड्यावर बोलते. हसू नका.

माझ्या सासरी मागच्या अंगणात एक लांबट काळा दगड होता. सासूबाई त्यावर धुणं आपटायच्या, त्यांच्या सासूबाईही आपटायच्या, आणि पंधरा वर्षं मीही आपटलं. गेल्या पावसाळ्यात मोरी नवी करायची म्हणून गड्यांनी तो उलटा केला. खालच्या अंगाला कोपरात वाकलेला एक हात कोरलेला, हातात भरगच्च बांगड्या, वर चंद्र आणि सूर्य. सासूबाई दोन पावलं मागेच सरल्या.

ती सतीशिळा होती. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईची खूण. बांगड्यांचा हात म्हणजे सौभाग्य, आणि चंद्र-सूर्य असेपर्यंत तिची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. पण आमच्या दगडावर तिचं नाव नाही. ती आपणहून गेली की तिला ढकललं, तेही कोणी कोरलं नाही. कोकणात, देशावर, जुन्या देवळांच्या आवारात असे दगड खूप सापडतात. लढाईत पडलेल्यांचे वीरगळ असतात, त्यांवर माणसं, घोडे, ढाली दिसतात. बाईच्या वाट्याला मात्र नुसता हात.

सासूबाई लगेच हळदकुंकू घेऊन आल्या. मी म्हटलं, "आई, थांबा. दगड जपू, पण पूजा नको." सती जाण्यावर १८२९ सालीच बंदी आली, आणि १९८७ च्या कायद्याने सतीचा उदोउदो करणं हाही गुन्हा आहे. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पूजा नाही तर नाही, पण त्यावर धुणं नको आता." तेवढं पुरे होतं.

आता पाटीचं सांगते. घारापुरीला गेलात तर लेण्यांपाशी निळी पाटी दिसते, संरक्षित स्मारक म्हणून. ती केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याची. घारापुरी १९८७ सालापासून जागतिक वारशातही आहे. अशा केंद्राच्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. १०० मीटरच्या आत आपलं आधीचं घर असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते. हे ऐकून पुष्कळ जणी म्हणतात, मग संरक्षण नकोच बाई! मला त्यांचा राग समजतो. पण परवानगी मागायची सोय आहे, ती मागावी. कोळशाने किंवा खिळ्याने नाव कोरणाऱ्या पोरांनाही सांगा, स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतं.

राज्याच्या स्मारकांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. आपल्या तालुक्यात शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचा वाडा आहे. शाळेच्या सहली तिथे जातात, आपण मोठ्या बायका मात्र महामार्गावरून नुसत्या पुढे जातो. ४ नोव्हेंबर १८४५ ला ते तिथे जन्मले. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. तो किल्ला १८१८ साली इंग्रजांनी घेतला. नातू मात्र पुण्यात इंग्रजांच्याच कचेरीत नोकरीला लागला. आई आजारी असल्याचा निरोप आला, रजा वेळेवर मिळाली नाही, घरी पोचले तोवर आई गेली होती. पुढे १८७९ साली त्यांनी बंड केलं, पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात वारले. बंडाची कारणं मोठी होती, दुष्काळ होता, उपासमार होती. तरी मला त्या घराच्या उंबऱ्यावर गेलं की आधी ती आई आठवते, दाराकडे डोळे लावून पडलेली.

ज्याला पाटी नाही त्याचं काय होतं, तेही आपण पाहिलं. वाघिवलीची केरुमाता आठवते ना? डोंगरात कोरलेली जुनी लेणी, आणि गावच्या बायका तिला आपली देवी मानायच्या. संरक्षित स्मारक म्हणून ती जाहीर झालेली नव्हती. विमानतळाच्या कामात ती गेली. विमानतळ नको असं मी म्हणत नाही, आपली पोरं तिथे नोकऱ्या शोधतायत. पण डोंगर फोडायच्या आधी कोणीतरी ठसठशीत नोंद करायला हवी होती, आणि ते "कोणीतरी" म्हणून आपण दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिलो.

म्हणून आमच्या गटाने एक केलं. वहीत एक पान राखलं. गावात कुठे कोरीव दगड आहे, कुठली बारव, कुठली जुनी समाधी, ते लिहायचं, मोबाईलवर फोटो काढायचा, आणि ग्रामसभेत वाचून ठरावात घालायचं. तहसील कचेरीत अर्ज दिला तर पोच घ्यायला विसरू नका. पोच नसली की अर्ज दिलाच नाही असं होतं. पाया खणताना हंडा, नाणी, मूर्ती सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. घरात लपवून भांडणं होतात, आणि सोनाराकडे गेलेलं नाणं वितळतं.

दगडाला तेल-शेंदूर लावू नका, तारेच्या घासणीने घासू नका, सिमेंटमध्ये बसवू नका. कोरीव काम झिजतं किंवा झाकलं जातं.

आमच्या पानावर आत्तापर्यंत अकरा नोंदी झाल्यात. पहिली नोंद आमच्या अंगणातली. दगड आता पारिजातकाखाली उभा आहे, हात वर करून. धुण्यासाठी कडाप्पा आणलाय, पण सासूबाई म्हणतात त्यावर साबण नीट फेसाळत नाही.