भेगेच्या आतला खडबडीतपणा



आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, दिसायला अभेद्य वाटतो, पण तो जागोजागी भेगाळलेला आहे. लाव्हा निवताना आकसला आणि तडकला. पुढे जमिनीच्या हालचालींनी त्यात आणखी तडे गेले. विहिरीला झरे लागतात ते बरेचदा याच भेगांतून, आणि घाटात कातळ सुटतो तोही बहुधा यांच्यावरूनच. आज मला बोलायचं आहे ते भेगेच्या आतल्या पृष्ठभागाविषयी.

नव्याने खणलेल्या विहिरीत भेगेची उघडी पडलेली बाजू जवळून पाहा. तिच्यावर तांबूस डाग असतात, पण सरसकट नसतात. वेड्यावाकड्या पट्ट्या दिसतात आणि अधलामधला भाग कोरा असतो. जिथून पाणी वर्षानुवर्षं वाहिलं, तिथे लोहाचा गंज चढला. उरलेल्या जागी भेगेच्या दोन भिंती एकमेकींना टेकलेल्या होत्या. त्यांना वळसे घालतच पाणी पुढे जातं.

दोन्ही भिंती गुळगुळीत आणि समांतर असत्या, तर हिशेब सोपा होता. तेवढ्याच दाबाखाली रुंदी निम्मी झाली की पाणी एक-अष्टमांश उरतं. खडबडीत भेगेतून सरासरी रुंदीच्या हिशेबापेक्षाही कमी पाणी जातं. म्हणून खडबडीतपणाला पाण्याचा शत्रू ठरवणं मला मात्र पटत नाही. डोक्यावर शेकडो मीटर खडकाचा भार असूनही भेग पुरती मिटत नाही, ती याच उंचवट्यांच्या आधाराने.

आता घर्षण. दोन करवती दातांत दात घालून ठेवा आणि एक सरकवून पाहा. पुढे जाण्याआधी तिला वर चढावं लागतं. पॅटन या संशोधकाने १९६६ मध्ये अशाच दातेरी नमुन्यांवरचे प्रयोग मांडले. भार कमी असेल तर उंचवटे एकमेकांवर चढतात, भार वाढला की तुटतात. चढले तर भेग फाकते आणि पाण्याला मोठी वाट मिळते. तुटले तर त्यांच्या चुऱ्याने ती बुजूही शकते.

जमिनीलगत, जिथे भार थोडा, तिथे घर्षण पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर फार अवलंबून असतं. खोलवर मात्र हा फरक पुसट होतो. बायर्ली या संशोधकाने १९७८ मध्ये दाखवलं, की मोठ्या दाबाखाली बहुतेक खडकांचा घर्षणांक साधारण ०.६ ते ०.८५ या पट्ट्यात येतो, मग खडक कोणताही असो.

इथे कोयना धरणाची आठवण येणारच. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशय भरल्यावर पाण्याचा दाब भेगांमधून खोलवर पोचतो आणि भिंतींना अलग ढकलतो. घर्षणांक तोच राहतो, पण भिंतींचा एकमेकींवरचा भार घटतो, म्हणजे पकड सैल होते. ताण आधीच साठलेला असला, तर खडक सरकतो. याचा शोध घेण्यासाठी कोयना परिसरात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल चाचणी विवर घेतलं गेलं. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर खाली ग्रॅनाइटी खडक लागला. दाब खाली पोचायचा तर या दोन्ही थरांतल्या भेगांतूनच.

खडबडीतपणा मोजायला फार खर्च येत नाही. बारीक सळ्यांची रांग बसवलेली एक फणी भेगेवर दाबली, की सळ्या मागेपुढे सरकून पृष्ठभागाची रेषा उमटवतात. ती रेषा बार्टन आणि चौबे या संशोधकांनी १९७७ मध्ये दिलेल्या दहा नमुना-रेषांशी ताडून पाहतात आणि ० ते २० मधला अंक देतात. घाटरस्त्यासाठी डोंगर कापणाऱ्या, बोगदे आणि धरणाचे पाये तपासणाऱ्या सर्व अभियंत्यांना माझी कळकळीची विनंती आहे: भेगांची संख्या आणि दिशा नोंदवून थांबू नका. प्रत्येक महत्त्वाच्या भेगेवर ही फणी लावा आणि तो अंक अहवालात लिहा.