विरजणातले राखणदार



मालवणच्या दमट हवेत सकाळचे कच्चे दूध तसेच ठेवले, तर दुपारपर्यंत नासते. तेच दूध तापवून विरजले, तर दही दुसऱ्या दिवशीही आपण आवडीने खातो. जिवाणू दोन्हीकडे वाढलेले असतात. मग फरक कशाचा?

विरजणातील जिवाणू दुधातली साखर वापरून लॅक्टिक आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६ असतो. तो ४.६ च्या आसपास उतरला की दही लागते. एवढ्या आंबट जागी बहुतेक रोगजंतूंची वाढ खुंटते. शिवाय यांतील काही जिवाणू इतर जिवाणूंना मारणारी प्रथिने सोडतात. त्यांतले निसिन हे सर्वांत परिचित. त्याचा परिणाम १९२८ साली प्रथम नोंदला गेला आणि आज चीज टिकवण्यासाठी ते अनेक देशांत वापरतात. घरच्या प्रत्येक विरजणात निसिन असेलच असे नाही. आम्ल मात्र असतेच.

पण या राखणदारांवर भलताच भार टाकू नका. बुरशीला निसिन रोखत नाही आणि आंबटपणाही तिला मानवतो. म्हणून बुरशी आलेले दही वरचा थर काढून खाऊ नये. क्षयाचे आणि सांसर्गिक गर्भपाताचे जंतू कच्च्या दुधाच्या दह्यात काही दिवस जिवंत राहू शकतात. दूध उकळूनच विरजावे, ते यासाठी. दगडी झालेल्या जनावराच्या दुधात काही जंतू विषारी द्रव्यही तयार करतात. ते एकदा तयार झाले की उकळूनही जात नाही. तेव्हा धार काढल्यावर दूध रेंगाळत ठेवू नये, लगेच तापवावे.

आता खरी अडचणीची गोष्ट. कधी कधी दूध चांगले, विरजण चांगले, तरी दही लागत नाही. घरात कोणी म्हणते नजर लागली, कोणी भांड्याला दोष देते. अशा वेळी आधी आठवा, गाईम्हशीच्या सडात औषधाची नळी सोडली होती का, प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले होते का? त्या औषधाचा अंश दुधात उतरतो आणि रोगजंतूंबरोबर विरजणाचे जिवाणूही मारतो. पाण्यासारखे राहिलेले ते दूध आपल्याला इशाराच देत असते. मात्र दही लागले म्हणजे दूध औषधमुक्त, असेही समजू नये. थोडा अंश असला तरी दही लागू शकते.

औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वापरू नये ते लिहिलेले असते. २०१२ च्या नियमानुसार, त्या औषधासाठी असा काळ तपासून ठरवलेला नसेल, तर दुधासाठी तो ७ दिवसांपेक्षा कमी धरता येत नाही. पशुवैद्यकाला विचारून ती तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. बरे वाटू लागले म्हणून औषधाचा क्रम मध्येच तोडू नका.

दही पचायला हलके, पण ते औषध नव्हे. मुलाला जुलाब झाले तर आधी मीठ-साखरेची जलसंजीवनी द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे. दहीभात सोबत चालेल.

आणि औषध दिलेल्या जनावराचे दूध मुदत संपेपर्यंत वेगळे काढा. ते संकलन केंद्राच्या कॅनमध्ये गेले, तर शेजाऱ्यांचे दूधही त्याबरोबर बिघडते.