पडद्यावरील पानाची मांडणी

मुद्रित ग्रंथाचें एक सुख असें कीं, त्याचें पान एकदां छापलें म्हणजे सर्वांच्या हातीं तें तसेंच पडतें. समास किती सोडावा, ओळ कोठें मोडावी, याचा निर्णय छापखान्यांतच झालेला असतो. संकेतस्थळाच्या कर्त्याला ही निश्चिंती नाहीं. त्याचें तेंच पान कोणी तळहाताएवढ्या मोबाइलवर उघडतो, तर कोणी हातभर रुंद पडद्यावर. अशा वेळीं पानानें वाचकाच्या सोयीनें वळावें, कीं वाचकानें पानासाठीं कष्ट सोसावे?

टिम बर्नर्स-ली यांनीं सर्न या संस्थेंत पहिलें संकेतस्थळ तयार केलें व १९९१ सालीं तें बाहेरच्या जगाला खुलें झालें. त्यांत केवळ मजकूर व दुवे होते. खिडकी अरुंद केली तर ओळी आपोआप आंखूड होत. पुढें सजावटीच्या हौसेनें पानाची रुंदी ठाम बांधण्याची चाल पडली. २००७ सालीं आयफोन आला आणि त्या चालीचा दोष उघड झाला. ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकारानें २०१० सालीं त्यावर उपाय मांडला. रुंदी ठराविक मापांत न बांधतां प्रमाणांत सांगावी, चित्रेंही त्याबरोबर लहानमोठीं व्हावीं, आणि पडदा किती रुंद आहे तें पाहून मांडणीचे नियम बदलावे, असें त्याचें सार होतें.

परंतु फार रुंद पडदाही वाचकाला त्रास देतो. ओळ अतिशय लांब झाली म्हणजे पुढील ओळीच्या आरंभीं परततांना दृष्टि चुकते. म्हणून इंग्रजी विकिपीडियानें जानेवारी २०२३ मध्यें नवी मांडणी स्वीकारली. मजकुराची रुंदी मर्यादित केली, आणि लेखाच्या पोटांतील अनुक्रमणिका डाव्या बाजूस आणली. लेख कितीही पुढें सरकविला तरी ती नजरेसमोर राहते. कडेच्या रिकाम्या जागेबद्दल अनेक जुन्या संपादकांनीं तीव्र नापसंती दर्शविली. रुंदी वाढविण्याची सोय मात्र वाचकाच्या हातीं ठेवलेली आहे, आणि हेंच मला अधिक महत्त्वाचें वाटतें.

आपल्या मराठीची गरज आणखी निराळी. देवनागरींत वर वेलांटी व रफार, खालीं उकार व रुकार. रोमन अक्षरांसाठीं बेतलेलें ओळींमधील अंतर आपल्याला अपुरें पडतें. शब्दही लांब असतात. इंग्रजी शब्दाच्या मापाच्या बटणांत मराठी शब्द मावत नाहीं, त्याचें शेपूट तुटतें.

हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. सातबाऱ्याचा उतारा आज घरबसल्या मोबाइलवर पाहतां येतो. परंतु पुढें जाण्याचें बटण पडद्याच्या कडेबाहेर गेलें, किंवा मुख्य वाट एखाद्या तीन रेघांच्या खुणेमागें लपली, तर ज्याला ती खूण ठाऊक नाहीं तो शेतकरी तेथेंच अडतो. मग दुसऱ्याचे पाय धरणें व पदरचे पैसे मोजणें आलें. दार आहे, पण दिसत नाहीं. अशा घराला खुलें कसें म्हणावें?

तेव्हां संकेतस्थळाच्या कर्त्यानें आपलें पान आधीं लहानांत लहान पडद्यावर उघडून पाहावें, नंतर मोठ्यांत मोठ्या. मुख्य वाटा शब्दांनीं लिहून उघड्या ठेवाव्या. आणि अक्षर लहानमोठें करण्याचा वाचकाचा हक्क कधींही काढून घेऊं नये. पडदे बदलतच राहतील. वाचकाला आपली वाट सांपडली पाहिजे, ही कसोटी मात्र बदलणार नाहीं.